डोंग्यातला माणूस चिचगडला कसा

माझ्या भावाचे चारही सिनेमे एकाच दुनियेत घडतात, हे आम्हाला गोंदियाच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून कळलं. सिनेमे काढणाऱ्या माझ्या भावालासुद्धा ते त्याच्याकडूनच कळलं.

माझा भाऊ रत्नपाल. लग्नाच्या सीझनमध्ये लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि उरलेल्या दिवसांत आपल्या झाडीबोलीत सिनेमे. आम्ही दवनीवाड्याचे. नट सगळे गावातले नाहीतर आसपासचे, शूटिंग ओळखीच्यांच्या घरात. मी त्याची मोठी बहीण रचना. शिलाई मशीन सांभाळून मी त्याच्या सिनेमांची कपडेवाली, भांडीवाली, स्वयंपाकीण आणि वेळ पडली तर शिव्या देणारी. सिनेमे युट्यूबवर जायचे, नातेवाईक बघायचे, "मस्त" म्हणून लिहायचे आणि विषय संपायचा.

मग त्या भुपेंद्रचा व्हिडिओ आला. विशी-पंचविशीचा पोरगा, गोंदियात मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि बोलण्यात अर्धी हिंदी अर्धी मराठी. त्याने चारही सिनेमे थांबवून थांबवून पाहिले होते. आम्ही काढताना पाहिले नसतील इतके बारकाईने. पहिला पुरावा म्हणून त्याने माझी परात दाखवली. चारही सिनेमांतल्या चारही स्वयंपाकघरांत तीच स्टीलची परात, आणि काठावर कोरलेलं नाव, हिरालाल. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की चारही सिनेमांतल्या बाया सख्ख्या बहिणी आहेत, हिरालाल हा त्यांचा मामा आहे, आणि पुढच्या एखाद्या सिनेमात तो सगळ्याचा सूत्रधार म्हणून समोर येणार आहे.

आता हिरालाल हा माझाच मामा. माझ्या लग्नात त्याने ती परात दिली आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे वर नाव कोरून दिलं. माझ्याकडे तेवढी मोठी परात एकच आहे, म्हणून प्रत्येक शूटिंगला तीच जाते. सूत्रधार म्हणे! मामाला स्वतःच्या दोन म्हशी सांभाळता येत नाहीत. मी पोट धरून हसले.

दुसऱ्या पुराव्याला मात्र हसू आलं नाही, कारण तो टेकचंदकाकांचा होता.

टेकचंदकाका आमच्याच गावचे, पोवार, धानाची शेती. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केलेली, आवाज अजून खणखणीत. रत्नपालच्या पहिल्या सिनेमात, 'डोंगा परत आला'मध्ये, ते बोदलकशाच्या तलावातले मासेमार झाले होते. रात्री डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन जातात, सकाळी रिकामा डोंगा काठाला लागतो. प्रेत मिळत नाही. त्यांची बायको गोदा पाण्याकडे तोंड करून बसून राहते आणि सिनेमा संपतो. गोदा झाली होती काकांची खरीखुरी बायको, देवकाबाई. तलावाचे तेवढे शॉट बोदलकशाला घेतले, बाकी सगळं काकांच्याच घरात. दोन जाळी टांगली आणि पोवाराचं घर ढिवराचं केलं.

चौथा सिनेमा 'मोहाची खेप'. त्यात काका चिचगडच्या जंगलात मोहफुलं वेचणारे एक म्हातारे. कुठून आले ते सांगत नाहीत, एका एकट्या बाईच्या खोपटात राहतात. ती बाई झाली होती आमच्याच गावची सुशिलाबाई. या म्हाताऱ्याला रत्नपालने एकदाही नाल्याच्या पाण्यात उतरवलं नव्हतं, कारण काकांचा गुडघा दुखत होता. पण भुपेंद्रने गुडघा कुठून पाहावा? तो म्हणाला, बघा, हा माणूस पाण्याला भितो. का भितो? कारण हा तोच डोंग्यातला माणूस आहे. मेला नाही. बायकोला सोडून चिचगडला पळून आला आणि दुसरीच्या घरात राहिला. मग त्याने पडद्याचे दोन भाग केले. एकीकडे पाण्याकडे बघत बसलेली देवकाबाई, दुसरीकडे मोहाच्या झाडाखाली सुशिलाबाईशेजारी खदखदून हसणारे काका. खाली लिहिलं होतं, "इकडे वाट, तिकडे थाट."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण लोकांना ते इतकं आवडलं, की जो तो सिनेमे पुन्हा पाहू लागला. हजारांचे लाख झाले. खाली लोक लिहीत होते, बेइमान बुढा, घरी देवीसारखी बायको अन् तिकडं मजा मारून रायला.

हे सगळं त्या पोराने खेळीमेळीने केलं, हे मला मान्य आहे. त्याला ठाऊक नव्हतं, की जे हसू त्याने थांबवून दाखवलं, ते ज्या सकाळी टिपलं त्याच सकाळी देवकाबाई वारल्या होत्या.

काका चिचगडला शूटिंगला, त्या घरी एकट्या. मी त्या खेपेला शिवणामुळे मागे राहिले होते, शेजारीच. मुलगी नीतू लग्न होऊन बालाघाटकडे. अंगणात तांदूळ पाखडता पाखडता छातीत दुखू लागलं म्हणून मला हाक मारली. मी शालीकरामचा ऑटो बोलावला आणि गोंदियाला निघालो. पोचायच्या आत सगळं संपलं. चिचगडच्या त्या जंगलात फोन लागत नव्हता. देवरीहून एक जण मोटरसायकलवर गेला, झाडाखाली बसलेल्या काकांना त्याने उभ्या उभ्या बातमी सांगितली आणि तसंच मागे बसवून आणलं. तोंड पाहायला मिळालं एवढंच. पुढे ते कधी माझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत. मी विषय काढला की म्हणायचे, "जाऊ दे पोरी," आणि उठून बैलाकडे जायचे.

सांगायचं ते हे, की भुपेंद्रचा तर्क खोटा असूनही काकांना खरा लागला. बायको इकडे, आपण चिचगडला, आणि आपण हसत होतो. चौकात चहा प्यायला गेले की कोणी तरी विचारायचं, "काऊन काकाजी, चिचगडले कवा जाता?" विचारणाऱ्याच्या मनात पाप नसायचं. काकांनी चौकात जाणं सोडलं.

एक दिवस दुपारी ते माझ्या मशीनपाशी येऊन बसले.

"रचना, रत्नपालले म्हन, खाली दोन ओळी लिहून टाक. का हा मानूस येगळा अन् तो मानूस येगळा. त्याच्या सिनेमाईचा एकामेकाशी काही संबंध नाही. लिहाले काय जाते त्याचं?"

"लिहीन तो. न लिहून जाते कुठी!"

मी रत्नपालला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"ताई, इतके वर्सं कोनी इचारलं नाही मले. आता नागपूरहून फोन येऊन राहिले. रत्नपाल सर, तुमी चारही सिनेमे आधीच ठरवून ठेवले होते का, म्हनून. आता मी का सांगू, का आमच्या घरी दुसरी परातच नाही?"

"हो, तेच सांग."

"तू काकाजीचं पायतं. माहं पाय नं जरासं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं त्याचं चाललं होतं. कोणी विचारलं तर गूढ हसायचा आणि म्हणायचा, प्रेक्षकांनी शोधावं. मला त्याचा राग आला आणि दयाही आली. आयतं मिळालेलं कौतुक परत करायला फार मोठं मन लागतं, आणि माझा भाऊ चांगला असला तरी माणूसच आहे. पण काकांचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून जाईना. त्या आठवड्यात मी दोन ब्लाउज उलटे शिवले.

शेवटी भुपेंद्रच आमच्या घरी आला, रत्नपालची मुलाखत घ्यायला. मी काकांना निरोप धाडला, या म्हणून. ते स्वच्छ धोतर नेसून आले आणि अंगणातल्या बाजेवर बसले. भुपेंद्रने वाकून त्यांच्या पाया पडून घेतलं. मी त्याला चहा दिला, पण चिवडा दिला नाही.

त्याने फोन तिपाईवर लावला आणि सुरुवातच करून टाकली.

"सर, सीधा सवाल. बोदलकशाचा मानूस अन् चिचगडचा मानूस, एकच आहे का?"

रत्नपालने काकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "असं आहे का... कलाकृती एकदा बाहेर पडली का ते प्रेक्षकाची होते..."

"ए!" मी ओरडले. "परात माही आहे. माह्या मामानं देल्ली. दुसरी नाही म्हनून नेतो आमी. अन् काकाजी पान्यात उतरले नाही कारन का गुडघा दुखत होता. झाली तुही दुनिया?"

भुपेंद्रचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला वाटलं, जिंकलो. पण पोरगा हट्टी होता. त्याने घोटभर चहा घेतला आणि म्हणाला, "ठीक आहे ताई. परात छोडो, गुडघा छोडो. पन एक प्रूफ मी अजून कोनाले दाखवलाच नाही. गोदाबाईने कुंकू पुसलं नाही. डोंगा रिकामा आला, सारं गाव रडते, अन् तिच्या कपाळावर शेवटपर्यंत कुंकू आहे, हातात बांगड्या आहेत. कोनती बाई असं करन? मतलब उसको पता था. नवरा जिता आहे, हे तिले मालूम होतं."

बाजेवरून आवाज आला.

"ते मले इचार."

काका उठून उभे राहिले होते. रत्नपालकडे बोट करून म्हणाले, "याच्या सिनेमात पुसाचंच होतं. यानं समजावलं, हात जोडले, अर्धा दिवस वाया गेला. नीतूची माय आयकेच ना. मी समोर बसून होतो. तं म्हने, जित्या नवऱ्यासमोर मी कुकू पुसू? तुहा सिनेमा गेला चुलीत. तुले रांडव पायजे तं दुसरी पाय. पुसलंच नाही तिनं. मंग यानं गोष्टच बदलवली. गोदाले खरं वाटतच नाही का नवरा मेला, असं केलं."

हे अगदी खरं होतं. आणि सिनेमातलं लोकांना सगळ्यात जास्त भिडलेलं तेच होतं, ती न मानणारी गोदा. रत्नपालने शोधलेली नव्हे, देवकाबाईंनी अडून बसून घ्यायला लावलेली.

भुपेंद्रने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "पन काकाजी, मंग तं झालंच नं. तिच्यासाठी तुमी मेलेच नाही."

काका पुन्हा बाजेवर बसले. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "तू ते हासनं दाखवलं नं, थांबवून. मी हासून राहिलो ते. त्याच सकारी ते गेली."

भुपेंद्रला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो उठला आणि तिपाईवरचा फोन बंद करून खिशात घातला. कान लाल झाले होते त्याचे. "मला मालूम नव्हतं काकाजी. खरंच नव्हतं. आत्ताच डिलीट करतो."

"कायले? लोकाईनं पायलं ते पायलं." काका रत्नपालकडे वळले. "आता तू आयक. मी म्हनत होतो, दोन मानसं येगळी कर. पन आता नोको करू. एकच राहू दे. फक्त त्याले तितं ठेवून नोको देऊ. चिचगडहून बस येते. त्याले बसव तिच्यात अन् घरी आन."

"काकाजी," रत्नपाल म्हणाला, "पन घरी काकी तं..."

"नाही, हे मले मालूम आहे. तिनं कुकू पुसलं नाही. मी जाऊन पाहाले नोको का?"

मी आत जाऊन चिवड्याचा डबा आणला आणि भुपेंद्रच्या पुढ्यात ठेवला. त्याने खाल्ला नाही.

असा पाचवा सिनेमा ठरला. आता एकदा एकच दुनिया म्हटल्यावर तिचे कायदे आले, आणि कायदे सांभाळायला भुपेंद्र दर रविवारी दुकान बंद ठेवून गोंदियाहून येऊ लागला. पहिल्याच दिवशी त्याने घोटाळा उघडा पाडला. गोष्टीत म्हातारा घरी येतो, दारात शेजारीण उभी असते, ती सांगते, गोदा गेली. शेजारीण म्हणून रत्नपालने सुशिलाबाईला धरलं होतं.

"नहीं चलेगा," भुपेंद्र म्हणाला. "ती चिचगडची बाई आहे. चिचगडला सोडून आला अन् तीच दारात?"

मग शामकला? ती दुसऱ्या सिनेमात सरपंचीण. तिची जाऊ? ती तिसऱ्यात नर्स. एकेक नाव निघालं आणि गळालं. आजवर एकच बाई दोन सिनेमांत दोन वेगळ्या बाया व्हायची, कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं. आता गावात न वापरलेला चेहराच उरला नव्हता. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"मी नाही," मी म्हटलं. "मले येत नाही."

"एकच वाक्य आहे, ताई."

वाक्य एकच होतं, तेच तर अवघड होतं. टेकचंदकाकांच्या घराच्या दारात उभं राहून टेकचंदकाकांना सांगायचं, की तुमची बायको गेली. त्या दिवशी ते मला सांगावं लागलं नव्हतं, मोटरसायकलवाल्याने सांगून टाकलं होतं. मी दोन दिवस भावाशी भांडले, कॅमेऱ्याला शिव्या दिल्या, साडी चांगली नाही म्हटलं. काकांनी फक्त एकदा विचारलं, "तू उभी राहनार नं?" मग मी हो म्हटलं.

शूटिंग सकाळी ठेवलं. काकांच्या घराला पुन्हा जाळी टांगली. मागच्या पडवीत शामकलाकडे सगळ्यांच्या जेवणाचं दिलं होतं. रत्नपालने सगळं नीट समजावलं. काका पिशवी घेऊन वाटेने येतील, विचारतील, गोदा कुठं आहे. मी म्हणेन, गोदा गेली, तुमची वाट पायत गेली. मग ते देहलीवर, म्हणजे उंबरठ्यावर, बसतील, रडतील, आणि रत्नपाल थांबवेल. दोनदा तालीम केली. दोन्ही वेळा काकांनी इतकं सुरेख केलं, की शामकला पळी हातात घेऊन डोळे पुसत होती.

मग खरोखरीचा शॉट. काका वाटेने आले. धूळभरले पाय, खांद्यावर पिशवी. दारापाशी थांबले.

"गोदा कुठं आहे?"

"गोदा गेली, काकाजी," मी म्हटलं. "तुमची वाट पायत गेली."

ते देहलीवर बसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. सिनेमातल्या शेजारणीकडे बघावं तसं नव्हे, माझ्याकडे.

"देवका काही बोलली का, रचना?"

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून देवकाबाईंचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे त्या वयाचा माणूस बायकोचं नाव घेत नाही. कायम नीतूची माय. कॅमेऱ्यामागे भुपेंद्रने झटकन मान वर केली, त्याच्या कायद्यात हे बसत नव्हतं. रत्नपाल वाकलेला होता तो तसाच राहिला. त्याने थांब म्हटलं नाही.

मला वाटलं, म्हणावं, पुन्हा घेऊ. पण हा प्रश्न ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. तो आता विचारला गेला होता, आणि पुन्हा कोणी विचारलाच नसता.

"बोलली," मी म्हटलं. "ऑटोत बोलली. मी म्हनलं, काकी, काकाजीले बोलावतो. तं म्हने, आताच नोको सांगू बुढ्याले. मन लावून काम करून राहिला तो तिकडं, करू दे. मी म्हनलं, असं कसं काकी. तं माहा हात धरला. म्हने, आला का आधी जेवू घाल त्याले. मंग सांग. सांगितल्यावर जेवनार नाही तो."

त्या दिवशी आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. चूल बंद, घरात मयत, आणि काका सकाळपासून उपाशी. कोण कोणाला जेवू घालणार होतं?

काका हळूच देहलीवर बसले. पिशवी बाजूला ठेवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मागे पडवीत भात उकळत होता, तेवढाच आवाज.

मग त्यांनी मांडी घातली.

"मंग वाढ," म्हणाले.

मी आत गेले. शामकलाच्या हातची पळी घेतली, ताटात भात वाढला, वर लाखोरीच्या डाळीचं वरण घातलं आणि बाहेर येऊन काकांसमोर ठेवलं. त्यांनी हात धुतले आणि जेवायला लागले. सावकाश, एकेक घास, मान खाली घालून. कॅमेरा चालूच होता. कुठल्या सिनेमातला माणूस जेवत होता, हे भुपेंद्रनेही विचारलं नाही. वरण संपलं तसं काकांनी ताट पुढे केलं, आणि मी आणखी वाढलं.